तिसरा कीबोर्ड खोटा बोलतो

पाच पिनांच्या सॉकेटशी माझं वैर नाही, त्याच्या अंगाशी आहे. बसमध्ये दोघांची जागा अडवून बसणाऱ्या माणसासारखं ते ऐसपैस बसतं. माझ्या यंत्राच्या पेटीवर मागे अशी आठ लावायची म्हटलं तर पेटी भाताच्या कुकरएवढी होते, आणि मग गिऱ्हाईक विचारतं, "बू वुर, याच्यात भात पण शिजतो का?" हा विनोद मी अकरा वर्षं ऐकते आहे. दर वेळी हसावं लागतं.

मी वुर्यानी, गिऱ्हाइकांची बू वुर, म्हणजे वुरबाई. जावा बेटावर क्लातेनजवळच्या आमच्या गावात माझं दोन टेबलांचं वर्कशॉप आहे आणि मी मिडी राउटर बनवते. हा काय धंदा आहे ते माझ्या सासूला अजून पटलेलं नाही. तिला मी सांगते, की कीबोर्ड, ड्रमचं मशीन वगैरे मंडळी एकमेकांना आवाज पाठवत नाहीत, निरोप पाठवतात. हा सूर वाजव, एवढ्या जोरात वाजव, आता गप्प बस. राउटर म्हणजे त्या निरोपांचं पोस्ट ऑफिस. सासू म्हणते, पोस्ट ऑफिसात निदान पेन्शन तरी असते.

माझे वडील, बापाक, यांनाही ते फारसं पटलेलं नव्हतं. त्यांचं नाव कर्सादी, पण पंचक्रोशीतले सगळे गामेलानवाले, म्हणजे काशाच्या पट्ट्या आणि गाँगांचे वाद्यसंच वाजवणारे, त्यांना म्बाह कर्सा म्हणतात, आजोबा म्हटल्यासारखं. वय चौऱ्याहत्तर. त्यातली पंचावन्न वर्षं त्यांनी काशाच्या पट्ट्या आणि गाँग कानशीने घासून सुरात लावण्यात घालवली. मधोमध घासली की पट्टीचा सूर उतरतो, टोकांना घासली की चढतो. सूर मोजायचा मीटर त्यांनी कधी हातात धरला नाही. पट्टी घासायची, एकदा ठोकायची, ऐकायची, बाजूला ठेवायची. "बरोबर आहे का?" असं त्यांनी आयुष्यात कुणाला विचारलेलं मला आठवत नाही. आईने केलेल्या भाजीबद्दलसुद्धा नाही.

त्यांचा स्वतःचा एक जुना संच आहे, क्याई गोंडोअरुम. आमच्याकडे चांगल्या गामेलानला असं मानाचं नाव असतं. त्या संचाबरोबर आमच्या मंडळात तीन कीबोर्डही वाजतात, आणि माझी डोकेदुखी तिथेच सुरू होते. प्रत्येक गामेलानची सुरांची घडण त्याची एकट्याची. दोन संच कधी एकसारखे नसतात. कीबोर्ड मात्र कारखान्यातून एका साच्यात येतात, तेव्हा वाकायचं ते त्यांनीच. पूर्वी मी लॅपटॉप घेऊन एकेका कीबोर्डसमोर मांडी घालून बसायची आणि त्यांच्या पोटात क्याईची घडण भरून ठेवायची. या पावसाळ्यानंतर बापाकांनी क्याईच्या सहाच्या आणि तीनच्या सुरांच्या (आमच्याकडे सुरांची नावं आकड्यांतच असतात) सगळ्या पट्ट्या थोड्या उतरवल्या. सगळं नव्याने आलं. मग मी ठरवलं, बास झालं. असा राउटर करायचा, की बटण दाबलं की तो स्वतःच तिन्ही कीबोर्डना नव्या घडणीचा निरोप धाडेल. बापाकांनी पुन्हा कानस चालवली तर मी फक्त राउटरमधले आकडे बदलीन.

राउटर झाला. चार सॉकेटं, पाच पिनांची, धष्टपुष्ट. प्रत्येकाशेजारी हिरवा दिवा, निरोप गेला की लागणारा. त्या दिव्यांचा मला फार अभिमान होता.

मी पेटी घेऊन गेले तर बापाकांनी आधी तिची पूजा घातली. पिवळ्या भाताचा सुळका, फुलं, धूप, गावातली चार वडीलधारी माणसं, सगळं. त्यांचं म्हणणं साधं होतं, की ज्या पेटीत क्याईची घडण आहे ती क्याईच्या घरातली झाली. मला आतून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण क्याईच्या घरातलं झालं म्हणजे तिला ओलांडायचं नाही. आमच्याकडे गामेलानच्या वाद्यावरून कुणी पाय टाकत नाही. लहान मुलालासुद्धा ते सांगावं लागत नाही. आता पेटीवरूनही नाही. आणि पेटीच्या वायरी?

"वायरी म्हणजे तिचे हातच की," बापाक म्हणाले.

तिसरा कीबोर्ड गिनेमबाई वाजवतात. बापाकांच्या मंडपात आमची तालीम होते, तिथे तो पलीकडच्या टोकाला असतो. तिथून हलायला त्या तयार नसतात, कारण तिथे पंखा आहे. मधून गायिका येतात-जातात, चहाचे पेले येतात-जातात. आडवी वायर टाकली तर सगळ्या जावा बेटाने वळसा घालायचा. तेव्हा वायर मोठ्या गाँगच्या मागून फिरवायची, जिथे कुणी चालत नाही. चार सॉकेटांत गिनेमबाईंसाठी जागाही उरली नव्हती. पहिला कीबोर्ड, दुसरा, ढोलाचं मशीन, बासचं मशीन, संपलं.

म्हणून मी जोडपेटी केली. मुख्य पेटीच्या बाजूला जोडणीचं एक वेगळं तोंड काढलं, तिथून एकच लांब वायर गाँगमागून जाईल आणि गिनेमबाईंच्या स्टँडखाली एक छोटी पेटी असेल, तिच्यातून आणखी चार फाटे फुटतील. स्टँडखाली जागा साबणाच्या वडीएवढी. पाच पिनांची सॉकेटं तिथे बसणं शक्यच नव्हतं. मग मी हेडफोनला असतं तसलं बारीक सॉकेट लावलं. एका टोकाला बारीक पिन आणि दुसऱ्या टोकाला पाच पिनांचा प्लग, अशा वीतभर वायरी बाजारात तयार मिळतात. माझा नवरा, मास प्रिह, सुराबायाहून त्यांचं चाळीसचं पाकीटच घेऊन आला आणि पाकीट टेबलावर आपटून म्हणाला, "घे, आता वर्षभर कटकट नाही."

जोडपेटी मी घरी नीट तपासली होती. माझ्या स्वतःच्या हाताने डाग दिलेल्या वायरीने. हे वाक्य लक्षात ठेवा, मला तर ते झोपेतही आठवतं.

पहिल्या गुरुवारी दुपारी चारला तालीम सुरू झाली. बटण दाबलं, सगळे हिरवे दिवे लागले, जोडपेटीचासुद्धा. बापाक नेहमीसारखे मोठ्या गाँगशेजारी खडीसाखरेचा चहा घेऊन बसले होते. पहिलं गाणं अर्ध्यावर आलं आणि त्यांनी हात वर केला. सगळं थांबलं.

"तिसरा खोटा बोलतोय," ते म्हणाले.

गिनेमबाई दुखावल्या. "माझा? अहो म्बाह, मी अजून तोंडसुद्धा उघडलं नाही."

"तू नाही गं. तुझा कीबोर्ड. सहाचा सूर वर राहिलाय. तीनचा पण, पण जरा कमी."

मी मीटर काढला आणि पहिल्या कीबोर्डवर सहाचा सूर दाबला. केसाएवढाही फरक नाही. मी सगळ्यांना मीटर दाखवला, मेजवानीत ताट फिरवतात तसा. मग बापाकांना समजावलं, की तिघांना निरोप एकच जातो, तेव्हा एक बरोबर म्हणजे तिन्ही बरोबर.

"निरोप एकच असेल, न्दुक," ते म्हणाले. न्दुक म्हणजे पोरी. "ऐकणारे तीन आहेत."

माझं पित्त खवळलं. तिसऱ्या कीबोर्डपाशी जाऊन मीटर लावायला मला किती वेळ लागला असता? सहा पावलं होती. पण मला ते कमीपणाचं वाटलं. माझा दिवा लागला होता. मी बाकीच्यांना विचारलं, कुणाला काही ऐकू येतंय का. कुणाला काही येत नव्हतं. अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर त्यातल्या दहा-बारा भागांचं भांडण, तेही एवढ्या काशाच्या गजरात. कुणाला ऐकू येणार? तालीम पुढे गेली. बापाकांनी चहा तसाच ठेवला.

शनिवारी सर्वोको आला. हा माझा चुलतभाऊ, विरुनला त्याची गामेलान ओतायची भट्टी आहे. शिक्षकांच्या एका कॉलेजसाठी त्याने मोठा संच ओतला होता, दोनशेच्या वर पट्ट्या आणि गाँग, आणि तो सुरात लावायचं काम बापाकांचं होतं. येत्या बुधवारनंतरचा बुधवार, आमच्या पाच दिवसांच्या जुन्या आठवड्यातल्या पाहिंगला येणारा, चांगला म्हणून ठरला होता. बापाक गेले दोन महिने त्याच एका दिवसाच्या नावाने जगत होते. डोळ्यांत औषध घालायचे, मनगटाला तेल चोळायचे, सातही कानशी काढून पुसायचे, पुन्हा कापडात गुंडाळायचे. हा आपला शेवटचा संच, असं ते कुणालाही सांगायचे, आणि चांगला व्हायला हवा, असं कुणालाच सांगायचे नाहीत.

गिनेमबाईंचं तोंड विरुनपर्यंत पोचलं होतं. सर्वोकोने मला बाजूला घेऊन अदबीने विचारलं, काकांचं कानाचं काही आहे का. मी म्हटलं, चला, आत्ताच बघू.

तिन्ही कीबोर्ड मी मुख्य पेटीजवळ ओळीने मांडले. एवढ्याशा परीक्षेसाठी गाँगमागून वायर कशाला फिरवायची, म्हणून बासच्या मशीनची वायर उपसली आणि त्या सॉकेटात गिनेमबाईंचा कीबोर्ड सरळ खोचला आणि बटण दाबलं. बापाकांना भिंतीकडे तोंड करून बसवलं. पहिला, तिसरा, दुसरा, तिसरा, तिसरा, पहिला, अशा क्रमाने कीबोर्डांवर सहाचा सूर वाजवला.

"तिन्ही बरोबर आहेत," ते म्हणाले.

"परवा तिसरा खोटा होता ना?"

"परवा होता. आज नाही."

गिनेमबाई खुदकन हसल्या. मी कपाळावर हात मारला. कीबोर्ड तोच, पेटी तीच, आकडे तेच. मी काहीही बदललेलं नव्हतं, असं मला वाटत होतं. बापाक वळून माझ्याकडे बघत होते आणि त्यांना कळत नव्हतं, की बरोबर उत्तर देऊनही आपल्याला कुणी शाबासकी का देत नाही.

पुढच्या गुरुवारी कीबोर्ड पुन्हा आपापल्या जागी गेले, बासचं मशीन आपल्या सॉकेटात, गिनेमबाई आपल्या पंख्याखाली, जोडपेटी स्टँडखाली. सर्वोको मुद्दाम आला होता. पहिल्याच गाण्याला बापाकांचा हात वर गेला, थोडा घाबरत गेला, हे मला दिसलं.

"पुन्हा," ते म्हणाले. "तिसरा."

या वेळी कुणी हसलं नाही. गिनेमबाईसुद्धा नाही. त्यांनी खाली मान घालून ओढणीने कीबोर्डवरची नसलेली धूळ पुसली. मी तिथूनच ओरडले, की बापाक, शनिवारी हाच कीबोर्ड तुम्हाला चालला होता. ते म्हणाले, हो, शनिवारी चालला होता. मी विचारलं, मग आज त्याला काय धाड भरली. तालीम संपेपर्यंत त्यांनी एकदाही हात वर केला नाही, आणि मधे दोनदा गायिका खरोखर बेसूर गेली होती.

फाटकाशी सर्वोकोने मोटारसायकल चालू न करता नुसती धरून ठेवली. त्याला विचारायची लाज वाटत होती, आणि मला कधी एकदा घरी जाते असं झालं होतं.

"वुर, तू यातली आहेस," तो म्हणाला. "तुझ्याकडे यंत्र आहे. मला फक्त खरं सांग. काकांवर सोपवू का?"

"कान गेले त्यांचे," मी म्हणाले. "दुसऱ्या कुणाकडून लावून घे."

मला वाईट वाटलं का? थोडं. पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करते. निदान आता माझी पेटी खोटी आहे असं कुणी म्हणणार नव्हतं.

सोमवारी गिनेमबाईंकडून कळलं, की रविवारी सर्वोको चहापूड आणि साखर घेऊन आला होता. थेट काही बोलला नाही, आमच्याकडे तसं बोलत नाहीत. काकांनी आता आराम करावा, उन्हात विरुनपर्यंतचा रस्ता, वगैरे. बापाकांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "वुर काय म्हणाली?" सर्वोको खोटं बोलू शकला नाही. मग ते उठले, कापडात गुंडाळलेल्या सातही कानशी आणल्या आणि त्याच्या हातात दिल्या.

दुपारी मी डबा घेऊन गेले. तळलेलं तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, त्यांना आवडतं. ते ओसरीवर शेंगा सोलत बसले होते. मी विरुनचा विषय काढला नाही, त्यांनीही नाही. जाताना एवढंच म्हणाले, की हात दुखायला लागलेत हल्ली, बरं झालं. माझ्याकडे बघून म्हणाले नाहीत, शेंगांकडे बघून म्हणाले.

मंगळवारी सकाळी स्रागेनहून जियो नावाचा एक कीबोर्डवाला आला. त्याला मी आठवड्यापूर्वी राउटर आणि जोडपेटी दिली होती. तीन दिवस तो फोन करत होता, की जोडपेटी मुकी आहे. तीन दिवस मी त्याला झापत होते, की दिवा लागतोय ना, मग निरोप जातोय, तुमच्या कीबोर्डचं काहीतरी बघा. शेवटी त्याने सगळं तांदळाच्या पोत्यात भरलं, दोन तास मोटारसायकल हाकली आणि पोतं माझ्या टेबलावर ठेवलं.

"बू," तो म्हणाला, "दिवा लागतोय हे मला पण दिसतं. मला दिवा ऐकू येत नाही."

मी फणकाऱ्यानेच त्याची पेटी लावली. माझी वायर घातली, कीबोर्ड वाजला. बघा, म्हटलं. त्याने आपली वायर पुढे केली, पाकिटातली, बारीक पिनेची. कीबोर्ड गप्प. पुन्हा माझी, वाजला. पुन्हा त्याची, गप्प. दिवा दोन्ही वेळा आनंदाने लागत होता.

बारीक पिनेला तीन भाग असतात, टोक, मधलं कडं आणि बूड. निरोप टोकातून पाठवायचा की कड्यातून, यावर यंत्रं बनवणाऱ्यांनी कित्येक वर्षं घोळ घातला. अर्ध्यांनी टोक धरलं, अर्ध्यांनी कडं. पुढे कधीतरी एकमत झालं, पण तोवर बाजारात दोन्ही तऱ्हेच्या वायरी पडल्या होत्या, आणि बाहेरून दोन्ही जुळ्या बहिणी. हे मला माहीत होतं. मी लोकांना यावर भाषण देते. माझं सॉकेट टोकवालं होतं. जियोच्या वायरीला वायरी तपासायचा मीटर लावला, ती कडंवाली निघाली. पाकिटातल्या उरलेल्या वायरी काढल्या. एक, दोन, पाच, दहा. सगळ्या कडंवाल्या.

मी मास प्रिहला हाक मारली आणि त्याच्यावर खापर फोडायला तोंड उघडलं. तो म्हणाला, "मला काय कळतंय त्यातलं? तपासते तर तूच." खरं होतं. पाच पिनांच्या प्लगला ही भानगडच नाही. त्याला खाली खाच असते, तो उलटा बसत नाही, आणि कुठल्याही गावातला प्लग कुठल्याही गावातल्या सॉकेटात तोच निरोप नेतो. मी चार बोटं जागा वाचवायला गेले होते.

मग जियोची वायर कापून नवा डाग देता देता माझा हात थांबला. गिनेमबाईंच्या स्टँडखालची वायर याच पाकिटातली होती.

जियोला तसाच चहावर बसवून मी निघाले. बापाकांच्या मंडपात दुपारी कुणी नव्हतं. सगळं जागच्या जागी होतं. मी बटण दाबलं, दिवे लागले. ती सहा पावलं चालले, वळसा घालून, आणि तिसऱ्या कीबोर्डला मीटर लावला. सहाचा सूर बारा भाग वर. तीनचा सात भाग. सहा वर राहिलाय, तीन पण, पण जरा कमी.

नवा निरोप त्या कीबोर्डला कधी पोचलाच नव्हता. तो पोटातली जुनी घडण वाजवत होता, बापाकांनी पट्ट्या उतरवण्याआधीची. शनिवारी मी त्याला सरळ मुख्य पेटीत खोचला तेव्हा निरोप पोचला आणि तो सुधारला. बंद केल्यावर तो निरोप विसरला, आणि गुरुवारी जोडपेटीवर गेल्यावर पुन्हा जुनं तेच. म्बाह कर्सांनी तीनदा उत्तर दिलं होतं आणि तिन्ही वेळा बरोबर दिलं होतं. मंडपाच्या फरशीवर बसून मी किती वेळ रडले ते माहीत नाही. रागानेच रडले, आणि राग काढायला समोर माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

वायर तिथेच बसून नीट केली. मग ओसरीवरून बापाकांना बोलावून आणलं. त्यांना काही सांगितलं नाही. मला वाटलं, आधी ऐकू देत, त्यांचे ते म्हणतील की आता लागला, आणि मग मी पाय धरीन. मी पहिल्या कीबोर्डवर सहाचा सूर दिला, मग क्याईतल्या सरोन नावाच्या वाद्याची पट्टी ठोकली, मग तिसऱ्या कीबोर्डवर दिला.

त्यांनी सरोनची पट्टी स्वतः एकदा ठोकली. मग म्हणाले, "बरोबर वाटतंय." आणि माझ्याकडे बघितलं. "बरोबर आहे ना? तू सांग."

मी त्यांना सगळं सांगितलं. टोक, कडं, पाकीट, शनिवार, सगळं. फाटकाशी मी सर्वोकोला काय म्हणाले तेही सांगितलं, जरी ते त्यांना माहीत होतं. झाल्यावर म्हणाले, "म्हणजे वायर होती."

"वायर होती, बापाक. तुम्ही पहिल्या दिवसापासून बरोबर होता."

"हं," ते म्हणाले, आणि तिसऱ्या कीबोर्डची ती एक पट्टी बोटाने आणखी एकदा दाबून बघितली.

संध्याकाळच्या आत मी विरुनला पोचले. सर्वोकोने दुसरा माणूस ठरवला होता, त्याला फोन करून नाही म्हणायला लावलं. कानशी मागून घेतल्या. त्याने विचारलं, नक्की ना, वुर? मी म्हटलं, माझ्यावर भरवसा ठेवू नकोस, काकांवर ठेव. गिनेमबाईंच्या घरी जाऊन त्यांनाही सांगितलं, म्हणजे उद्या सकाळपर्यंत सगळ्या गावाला कळेल. जोडपेट्या सगळ्या परत मागवल्या आणि त्यांना पाच पिनांची सॉकेटं लावली. त्या आता विटेएवढ्या झाल्या आहेत. स्टँडखाली मावत नाहीत, लोक कुरकुरतात, कुरकुरू देत.

बुधवारी पाहिंगला बापाक विरुनच्या भट्टीत नव्या संचासमोर बसले. मी वर्कशॉपला टाळं लावून त्यांच्याबरोबर गेले होते. शेजारी चटईवर बसले, मीटर मांडीवर, त्यांच्या सांगण्यावरून. काम बावीस दिवस चाललं. दोनशे अठरा पट्ट्या आणि गाँग. ते एकेक पट्टी घासायचे, एकदा ठोकायचे, ऐकायचे. मी मीटरमध्ये बघायची. एकही चुकली नाही. आणि दोनशे अठराही वेळा, पट्टी बाजूला ठेवण्याआधी, त्यांनी मान वर करून मला विचारलं, "बरोबर?"